सामाईक नोंदवहीचे कुलूप

मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीची जी पद्धत पुढे शतकाहून अधिक काळ चालली, तिचा पाया पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात घातला गेला, ही गोष्ट खुद्द इंदापूरकरांपैकीही आज थोड्यांनाच ठाऊक असते. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने त्यापूर्वी केलेली आकारणी जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या अतिसूक्ष्म गणितावर उभारलेली होती. ते गणित करणारे हात अनेक, त्यांवरची देखरेख अपुरी आणि ठरलेला सारा रयतेला न पेलणारा, अशा तिहेरी कारणाने ती मोडली आणि पिकत्या जमिनी पडीक पडल्या. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि त्यांच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम हाती घेतले. प्रत्येक शेताला क्रमांक, त्या क्रमांकाच्या हद्दीला दगड, मातीच्या मगदुराप्रमाणे प्रत आणि त्या प्रतीवरून तीस वर्षे न बदलणारा आकार, अशी ती सरळ रचना होती. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले, आणि १९०३ च्या कायद्याने या क्रमांकांच्या जोडीला हक्कनोंदीचे पत्रक आले. आज ज्याला आपण सातबारा म्हणतो त्याची वंशावळ इंदापूरच्या त्या सर्व्हे नंबरांपर्यंत जाऊन पोहोचते.

ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी होती. वही एक, ती बाळगणारा एक, आणि ज्या क्षणी एकाची लेखणी तिच्या पानावर टेकलेली आहे त्या क्षणी दुसऱ्याची लेखणी तेथे असू शकत नाही, हे ते गृहीत. ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते, कारण लिहिण्याची गरजच नव्हती. वही तपासणीसाठी चावडीतून मामलेदार कचेरीत गेली असेल तर तितके दिवस चावडीत तिच्यात काही लिहिता येत नसे. कुलकर्ण्याच्या दप्तरातला रुमाल सुटलेला असेल तर तो कोणासमोर सुटला हे चारचौघांना दिसे. नोंदीची शिस्त अशी वहीच्या जड देहातच वसलेली होती. संगणक आला, वही पडद्यावर आली, तिच्या रकान्यांची नावेही तीच राहिली. परंतु एका वेळी एकाच ठिकाणी असण्याचा तिचा धर्म मात्र लोपला. आता तेच पान चार खिडक्यांवर एकदम उघडते, आणि चौघांपैकी कोणी काय लिहिले हे उरलेल्या तिघांना कळेलच असे नाही.

अनेक संगणकांवरून उघडल्या जाणाऱ्या एका फाईलीवर एका वेळी एकच हात चालेल, याची खात्रीलायक तजवीज कशी करावी, हा या लेखाचा विषय. तो संगणकतज्ज्ञांच्या चर्चेतला म्हणून सोडून देण्याजोगा नाही. बारामतीच्या पेठेतल्या पतसंस्थेतील ठेव, साखर कारखान्याच्या काट्यावर नोंदलेले उसाचे वजन, विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि बाजार समितीतील गुळाच्या लिलावाची पट्टी या सर्वांचे खरेपण शेवटी याच एका प्रश्नावर अवलंबून आहे.

एखादी पतसंस्था कल्पावी. एका सभासदाच्या खात्यात दहा हजार रुपये आहेत. पहिल्या खिडकीवरील कारकून त्याचे पान उघडतो आणि दहा हजार हा आकडा वाचतो. त्याच सुमारास कर्जखात्याचा कारकून हप्ता वळता करून घेण्यासाठी तेच पान आपल्या यंत्रावर उघडतो आणि तोही दहा हजारच वाचतो. पहिला दोन हजारांचा भरणा मिळवून बारा हजार लिहितो. दुसरा आपल्यापुढील दहा हजारांतून दीड हजारांचा हप्ता वजा करून साडेआठ हजार लिहितो, आणि त्याचे लिहिणे नंतर झाल्यामुळे तेच टिकते. वास्तविक शिल्लक साडेदहा हजार हवी होती. दोन्ही पावत्या खऱ्या, दोन्ही कारकून प्रामाणिक, बेरीज-वजाबाकीत कोणाची चूक नाही, आणि तरीही सभासदाचे दोन हजार रुपये कोणत्याही आवाजाविना नाहीसे झाले. यात खाडाखोड नाही, फाटलेले पान नाही, शाईचा फरक नाही. जुन्या काळचा तपासनीस ज्या खुणांवरून लबाडी ओळखत असे, त्यांपैकी एकही खूण येथे सापडत नाही.

यावरचा उपाय म्हणजे कुलूप: ज्याने पान आधी उघडले त्याने ते अडवावे, आपले लिहिणे पुरे करावे आणि मग सोडावे, तोवर दुसऱ्याने थांबावे. सर्व कारकून एकाच यंत्रावर काम करीत असतील तर ही व्यवस्था सोपी आहे, कारण त्या यंत्राची कार्यप्रणाली हीच एकटी दरवान असते आणि प्रत्येक मागणी तिच्याच समोरून जाते. फाईल एका यंत्रावर आणि कारकून चार निराळ्या यंत्रांवर बसले की अडचणीला प्रारंभ होतो. मधल्या तारेतून निरोप जातात, ते उशिरा पोहोचतात, क्वचित पोहोचतच नाहीत. शिवाय प्रत्येक यंत्र काम झपाट्याने व्हावे म्हणून पानाची एक नक्कल आपल्यापाशी ठेवून घेते आणि पुष्कळदा त्या शिळ्या नकलेवरच उत्तर देऊन मोकळे होते.

जाळ्यावरून फाईल वाटून घेण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली ती, एनएफएस या नावाची, सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली तयार केली. तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व जाणूनबुजून पत्करले होते: फाईल सांभाळणाऱ्या सर्व्हरने मागणी करणाऱ्या यंत्रांविषयी काहीही स्मरणात ठेवायचे नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असावी, म्हणजे सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. यंत्र तीच मागणी पुन्हा पाठवते आणि काम पुढे चालू लागते. वीज जाण्या-येण्याची सवय असलेल्या आपल्या मुलखात या गुणाचे मोल कोणालाही समजेल, आणि त्या रचनेला मी मुळीच नावे ठेवणार नाही. परंतु कुलूप म्हणजे मुळातच एक आठवण आहे: हे पान अमक्याने अडवले आहे, ही आठवण. जो काहीच आठवणीत ठेवायचे नाही असे ठरवून बसला आहे, त्याच्या हाती कुलपाची किल्ली देता येत नाही. म्हणून हे काम मूळ व्यवस्थेबाहेर काढून एका निराळ्या कारभाऱ्याकडे सोपवावे लागले, आणि कोणते यंत्र चालू आहे, कोणते कोसळले याची खबर ठेवणारा आणखी एक कारभारी त्याच्या दिमतीला द्यावा लागला. या दोघांपैकी एकाचा निरोप वाटेतल्या एखाद्या सुरक्षा-भिंतीने अडवला की पाने उघडत राहतात, लिहिली जात राहतात, आणि कुलूप तेवढे जागच्या जागी निकामी होते.

याहून सूक्ष्म असा एक दोष त्या काळच्या प्रोग्रॅमरांना फार छळत असे. कुलपाची खूण म्हणून ठराविक नावाची फाईल निर्माण करावी आणि ती आधीपासूनच असेल तर मागे फिरावे, ही साधी युक्ती. मागणी सर्व्हरकडे पोहोचते, फाईल निर्माणही होते, पण काम झाल्याचा जबाब वाटेत हरवतो. यंत्र शिरस्त्याप्रमाणे मागणी पुन्हा पाठवते. आता सर्व्हर म्हणतो की या नावाची फाईल आधीच आहे. आणि यंत्र स्वतःच लावलेले कुलूप दुसऱ्याचे समजून त्याच्या उघडण्याची वाट पाहत बसते. यावर शोधलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक यंत्राने आधी स्वतःच्या अनन्य नावाची एक फाईल करावी, तिचा दुवा कुलपाच्या सामाईक नावाशी जोडण्याचा प्रयत्न करावा, त्या प्रयत्नाला काय जबाब आला याकडे सरळ दुर्लक्ष करावे आणि आपल्या फाईलीच्या दुव्यांची संख्या दोन झाली आहे काय, एवढेच प्रत्यक्ष पाहावे. निरोप हरवू शकतो. दुव्यांची संख्या हरवत नाही.

याहूनही गंभीर प्रकार म्हणजे लागलेच नसलेले कुलूप लागले म्हणून सांगणे. लिनक्स या प्रसिद्ध कार्यप्रणालीत २००५ सालाच्या मध्यापर्यंत अशी स्थिती होती की एका विशिष्ट प्रकारचे कुलूप एनएफएसवरील फाईलीला घातले तर ते मागणी करणाऱ्या यंत्रापुरतेच लागू होई. शेजारच्या यंत्राला त्याची वार्ताही नसे, आणि तरीही प्रोग्रॅमला काम फत्ते झाल्याचा जबाब मिळे. विंडोजच्या सामाईक फोल्डरमध्ये निराळ्या मार्गाने हाच अनर्थ घडत आला. तेथे काम जलद व्हावे म्हणून सर्व्हर एखाद्या यंत्राला बदल काही काळ स्वतःपाशीच ठेवून घेण्याची मुभा देतो, आणि जाळे डळमळीत असेल तर ते बदल सर्व्हरपर्यंत येण्यापूर्वीच गडप होऊ शकतात. फॉक्सप्रो आणि ॲक्सेस या डेटाबेसांच्या सामाईक फाईली बिघडू नयेत म्हणून ही मुभा बंद ठेवण्याचा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टला द्यावा लागला होता. एसक्यूलाईट हा जगात अतिशय प्रचलित असलेला डेटाबेस घ्या. त्याच्या कर्त्यांनी आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट बजावले आहे की एनएफएसच्या अनेक आवृत्त्यांत कुलपे नीट चालत नाहीत, तेव्हा एकाच वेळी अनेकांना वापरायची फाईल तेथे ठेवू नये. आपला माल कोठे चालणार नाही हे मालकानेच दारावर लिहून ठेवावे, हा सचोटीचा उत्तम नमुना आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना तयार आज्ञावली विकणाऱ्या प्रत्येकाकडून अशाच लेखी इशाऱ्याची अपेक्षा ठेवण्याचा सभासदांना पूर्ण अधिकार आहे.

मुळीच नसलेल्या कुलपापेक्षा नसून असल्याचे सांगणारे कुलूप अधिक घातक, असे माझे स्पष्ट मत आहे. कुलूप नाही हे ठाऊक असलेली संस्था निदान एका वेळी एकाच कारकुनाला बसवते, संध्याकाळी पावत्यांची रुजुवात घेते. कुलूप आहे या भरवशावर चालणारी संस्था ती रुजुवातही सोडून देते.

कुलूप घेणाराच मध्ये कोसळला तर काय, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि त्याचे उत्तर बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला कोणत्याही पुस्तकावाचून समजेल. नीरा डावा कालवा बारामती तालुक्यातून वाहत इंदापूरच्या शेवटच्या टोकाला जातो, आणि त्याचे पाणी शेजपाळीने वाटले जाते. ज्याची पाळी त्याचे दारे. पण पाळी तासांनी बांधलेली. रात्रीच्या पाळीला एखादा दाऱ्यावर आलाच नाही किंवा बांधावर झोपी गेला, तर त्याच्यासाठी साऱ्या चारीचे पाणी अडवून ठेवीत नाहीत. वेळ संपली की दारे पुढच्याचे. एनएफएसच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या आणि २००३ साली सुधारून निघालेल्या चौथ्या आवृत्तीने हीच पद्धत स्वीकारली. तिने कुलूप मूळ व्यवस्थेतच आणले आणि त्याला मुदत घातली. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत सहसा नव्वद सेकंदांची असते. यंत्राने तेवढ्या अवधीत आपण हजर असल्याची वर्दी दिली नाही तर त्याचा हक्क संपतो. सर्व्हरच कोसळून पुन्हा उठला तर आधी काही काळ नव्या कुलपांना मनाई करून जुन्या धारकांना आपले हक्क परत सांगण्याची सवलत तो देतो.

तरीही एक फट उरते. ज्याची पाळी झोपेत निघून गेली तो पहाटे जागा झाला आणि अजून आपलीच वेळ आहे अशा समजुतीने त्याने दारे फोडले, तर पुढच्याचे भिजते रान कोरडे पडते. संगणकात हे नित्य घडते: लॅपटॉपचे झाकण मिटले, यंत्र स्वस्थ पडले, मुदत संपली, कुलूप दुसऱ्याला मिळाले, आणि मग पहिले यंत्र जागे होऊन आपले अर्धवट राहिलेले लिहिणे पुरे करू लागले. त्याच्या दृष्टीने मधला काळ गेलेलाच नाही. म्हणून मुदत पुरेशी होत नाही. दर कुलपाबरोबर एक चढता क्रमांक द्यावा, लिहिणाऱ्याने तो क्रमांक दाखवावा, आणि नोंद स्वीकारणाऱ्याने नव्या क्रमांकाची नोंद एकदा घेतली की जुन्या क्रमांकाच्या लिहिण्याला दाद देऊ नये, असे वितरित संगणनाचे अभ्यासक सांगतात. पाळी कोणाची हे पाळीवाल्याच्या घड्याळावरून न ठरता दाऱ्यावरच्या पाटकऱ्याच्या यादीवरून ठरले पाहिजे.

येथे मला आपल्या महसुली कायद्याकडे वळावेसे वाटते, कारण हा चढत्या क्रमांकाचा विचार आपल्या फेरफाराच्या वहीत फार पूर्वीपासून नांदत आला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणे ज्याला जमिनीत हक्क प्राप्त झाला त्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची. कलम १५० प्रमाणे तलाठ्याने, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांनी, ती वर्दी फेरफार नोंदवहीत क्रमांकाने लिहायची, तिची प्रत चावडीत लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवायची, आणि मंडळ अधिकाऱ्याने तपासून नोंद प्रमाणित केल्याखेरीज तिचा अंमल हक्कपत्रकाला द्यायचा नाही. कलम १५७ ने अशा प्रमाणित नोंदीला विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानले आहे. इतका मोठा मान देण्यापूर्वी एवढा विलंब कायद्याने हेतुतः घातला.

समजा, इंदापूरच्या एका गटाचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जात आहे, आणि त्याच वेळी बारामतीच्या एका बँकेतून त्याच गटावर कर्जाचा बोजा चढवण्याचा अर्ज निघाला आहे. दोघांनीही सकाळी पाहिलेला सातबारा निर्वेध होता. पतसंस्थेच्या कारकुनांची जी गत झाली ती येथे होत नाही, कारण कायद्याने दोघांनाही लिहिण्यापासून अडवले नाही, पण दोघांचेही लिहिणे कच्चे ठरवले. प्रत्येकाला क्रमांक दिला, एकाची वार्ता दुसऱ्याला पोहोचेल एवढा अवधी ठेवला, आणि पक्के करण्याचा अधिकार एकाच हाती दिला. आताच्या सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक छापलेला असतो. तो क्रमांक कित्येक जण न वाचताच कागद घडी घालून ठेवतात. पण आपण पाहत आहोत ते पान कोणत्या बदलापर्यंतचे आहे आणि मधल्या काळात त्यावर आणखी काही येऊन पडले आहे काय, हे ओळखण्याचे याहून सोपे साधन नाही. जेथे कुलपावर भरवसा ठेवता येत नाही तेथे क्रमांक, प्रतीक्षा आणि प्रमाणीकरण या तिन्हींनी काम भागवता येते, हे महसूल खात्याने कचेरीत संगणक येण्याआधीच जाणले होते.

तालुक्या-तालुक्याच्या संगणकांत विखुरलेले अभिलेख ई-फेरफारच्या कामात मध्यवर्ती यंत्रणेत एकत्र आले, निबंधकाकडील दस्तांची माहिती तिला आपोआप मिळू लागली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांच्या हाती पडू लागला. सर्व्हर चालत नाही म्हणून चावडीवरून परत फिरावे लागलेल्या माणसाचा संताप मी समजू शकतो, आणि मोसमाच्या ऐन दिवसांत यंत्रणा मंद होऊ नये यासाठी खर्च केलाच पाहिजे. पण आज नोंद होणार नाही असे उघड सांगणारी यंत्रणा ही नोंद झाली असे खोटेच सांगणाऱ्या यंत्रणेपेक्षा कितीतरी पटींनी विश्वासार्ह आहे, एवढे त्या संतापातही ध्यानात ठेवले पाहिजे. सरकारी अभिलेखांपेक्षा मला खरी चिंता वाटते ती लहान संस्थांची, जेथे अशी मध्यवर्ती यंत्रणा नाही आणि एका संगणकातले फोल्डर तिघा-चौघांना उघडे करून देणे हीच सारी व्यवस्था असते. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ सालची. तिचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या जानेवारीत थांबवला. आणि तरीही तिच्यावर लिहिलेल्या आज्ञावली अजून कित्येक कचेऱ्यांत रोजच्या रोज जमाखर्च लिहीत आहेत.

साखर कारखान्यांची गोष्ट विशेष. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, असा हा सारा पट्टाच उसाच्या गाळपावर उभा आहे. मोसमात काटा रात्रंदिवस चालतो. गाडी भरून येते, वजन होते, रिकामी होऊन जाते, पुन्हा वजन होते, आणि त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न ठरते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत रक्कम द्यायची, म्हणजे काट्यावरची नोंद लगोलग हिशेब शाखेला लागते. एकाच नोंदवहीत काटे लिहितात, शेतकी विभाग वाचतो, हिशेब शाखा लिहिते. एकदम अनेक हात चालण्याचे याहून ठळक उदाहरण ग्रामीण महाराष्ट्रात सापडणे कठीण. काट्याच्या खरेपणावर आपल्याकडे आंदोलने झाली, वजनमापे तपासण्याची भरारी पथके निघाली, ते योग्यच झाले. पण काट्याने खरे सांगितलेले वजन वहीत टिकले की नाही, हा प्रश्न कोणत्याही पथकाच्या तपासणीत मला आढळलेला नाही.

इतकी वर्षे चालले आहे, कधी तक्रार आली नाही, असे उत्तर यावर ठरलेले असते. ते मनापासून दिलेले असते, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. दोन हात एकाच क्षणी एकाच पानावर पडण्याचा योग एरवी विरळा असतो. तो मार्चअखेरीला, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, मोसमाच्या भरात येतो, म्हणजे नेमका जेव्हा चूक शोधायला कोणाला सवड नसते तेव्हा. आणि हरवलेली नोंद मागे काही चिन्ह ठेवीत नसल्यामुळे तक्रार तोच करू शकतो ज्याने पावती जपून ठेवली आणि आकडे ताडून पाहिले. बहुसंख्य सभासद तसे करीत नाहीत. तक्रारीच्या अभावावरून हिशेबाच्या शुद्धतेचे अनुमान काढणे येथे मुळीच शक्य नाही.

पावतीचे महत्त्व या भागाला नवे नाही. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी रयतेने सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोखे जाळले, आणि दख्खनच्या दंग्यांना तेथून तोंड फुटले. सरकारने चौकशी आयोग नेमला. पाठोपाठ १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि त्यात ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तक मिळण्याचा हक्क लिहिला गेला. व्याजाचा जाच हे मुख्य कारण होतेच. परंतु वही एकट्या सावकाराकडे आणि तिच्यात काय लिहिले हे कुळाला ताडून पाहता येत नाही, ही वेदनाही त्या आगीत होती. सुप्याच्या राखेतून निघालेला तो हक्क आजच्या संगणकीय वहीलाही लागू आहे. प्रत्येक व्यवहाराला न तुटणारा चढता क्रमांक हवा, तो पावतीवर छापला गेला पाहिजे, जुनी नोंद पुसून नवी न लिहिता दुरुस्तीचीही निराळी नोंद व्हावी, आणि दिवसअखेर क्रमांकांत खंड पडला तर तो यंत्रानेच दाखवावा. कुलूप फसले तरी अशा वहीत चोरी लपत नाही.

मूळ उपाय मात्र वेगळा आहे, आणि तो महागही नाही. फाईल चौघांना वाटून देण्याची पद्धतच सोडून द्यावी. नोंदवही ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्रावर तिचा एक कारभारी, म्हणजे डेटाबेस सर्व्हर, बसवावा. बाकीच्या खिडक्यांनी वहीला हात न लावता त्याच्याकडे फक्त मागणी करावी. आणि जमा-नावे असा पुरा व्यवहार एक तर संपूर्ण व्हावा किंवा मुळीच न व्हावा. पोस्टग्रेस हा या कामाचा उत्कृष्ट डेटाबेस कोणत्याही परवाना-शुल्काविना मिळतो. एका संस्थेला लागणारा खर्च म्हणजे एक बरे यंत्र, विजेची पर्यायी सोय आणि जाणत्या माणसाचे काही दिवसांचे काम. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, संगणकशास्त्र शिकणारी शेकडो मुले तालुक्यात आहेत. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग याच भूमीत आरंभला आहे. उसाच्या पानावरचा रोग उपग्रहाच्या चित्रावरून ओळखू पाहणाऱ्या तालुक्याला आपल्या पतसंस्थेच्या वहीचे कुलूप तपासण्याइतके मनुष्यबळ कमी पडण्याचे कारण नाही.

सहकार खात्याने हे काम लेखापरीक्षेचा भाग करावे, अशी माझी मागणी आहे. चाचणी एका दुपारची आहे. चाचणीसाठी उघडलेले एकच खाते दोन यंत्रांवर एकदम उघडावे, दोन्हींवर निरनिराळ्या रकमा भराव्यात आणि दोन्ही जतन कराव्यात. मग शिल्लक पाहावी. नंतर एका यंत्राची जाळ्याची तार नोंद करताकरता उपटावी, दुसऱ्या यंत्रावर तेच खाते बदलावे, तार पुन्हा जोडावी आणि शिल्लक पुन्हा पाहावी. निष्कर्ष लेखापरीक्षण अहवालात लिहावा आणि आज्ञावली पुरवणाऱ्याची त्यावर सही घ्यावी. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. बारामती आणि इंदापूरच्या सभासदांनी येत्या सभेत अहवाल मंजूर करण्यापूर्वी उभे राहून विचारावे की ही चाचणी झाली काय आणि तिचा निष्कर्ष काय आला. आणि झाली नसेल तर ती करण्याचा ठराव तेथेच मांडावा.